निवासी संस्थांची गुणवत्ता आणि दिवसाचा हिशेब

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराच्या कामाचा व जमाखर्चाचा तपशील छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. त्याची पुनरुक्ती टाळून, आपल्यापैकी अनेकांनी वेळोवेळी विचारलेल्या एका प्रश्नाविषयी बोलण्याची अनुमती अध्यक्षमहोदयांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. देणगीदार विचारतात, ‘दिव्यांगांच्या निवासी संस्थांपैकी चांगली कोणती, हे ओळखावे कसे?’ आणि बाह्यरुग्ण विभागात प्रौढ मुलाचा हात धरून आलेले सत्तरीतले आईवडील विचारतात, ‘आमच्या पश्चात याला कोठे ठेवावे?’ पहिल्या प्रश्नात पैसा गुंतलेला आहे, तर दुसऱ्यात एका माणसाचे उरलेले सारे आयुष्य. दोघांनाही तपासावयाची गोष्ट मात्र एकच आहे.

प्रथम कायद्याचा विचार करू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अशा संस्थेस नोंदणी प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमाने दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क दिला असून, अमुकच निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. नोंदणी ही किमान अट होय; ती पाहून समाधान मानण्याची चूक आपण करू नये. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. आपल्या राज्यात पनवेलजवळील कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या निवासी संस्थेतील अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. अशा ठिकाणी राहणाऱ्यांना आपले दुःख बाहेर पोहोचविता येत नाही, हे या दोन्ही घटनांतील समान सूत्र आहे. म्हणून ते शोधण्याची जबाबदारी बाहेरच्यांवर येते.

रुग्णसेवेची गुणवत्ता तीन अंगांनी पाहावी, असे अमेरिकेतील आरोग्यसेवा संशोधक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडले : साधने, कार्यपद्धती आणि परिणाम. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. माझ्या भाषेत सांगावयाचे तर भांडवल, व्यवहार आणि नफा. भांडवल भरपूर असूनही पेढी बुडते, हे आपण जाणतो. तरीही संस्था पाहावयास गेल्यावर आपल्याला दाखविली जाते ती इमारत, नवी व्यायामसाधने आणि स्वागतगीत. लेखापरीक्षक तयार ताळेबंद पाहून सही करीत नाही. तो व्हाउचर मागतो, मालाची प्रत्यक्ष पडताळणी करतो. निवासी संस्थेत ही पडताळणी निवाशाच्या सामान्य दिवसाची करावयाची असते.

ती कशी करावी, याविषयी काही मुद्दे नम्रपणे मांडतो.

पहिला मुद्दा दिनक्रमाचा. रात्रीचे जेवण किती वाजता होते? स्वयंपाकघरातील माणसे लवकर घरी जातात म्हणून सायंकाळी साडेपाचला ताटे वाढली जात असतील, तर तेथील घड्याळ निवाशांसाठी चालत नाही हे उघड आहे. अंगावरचे कपडे त्याचे स्वतःचे आहेत, की धुऊन आलेल्या गठ्ठ्यातून हाताला लागतील ते घातले जातात? त्याचे म्हणून एखादे कपाट आहे काय? आज कोणती भाजी हवी, हे त्याला कधी विचारले जाते काय? गेल्या महिन्यात तो फाटकाबाहेर किती वेळा गेला, आणि कशासाठी?

दुसरा मुद्दा शरीराचा. येथे रुग्णालयाचा अनुभव उपयोगी पडतो. दरमहा वजनाची नोंद होते का, हे अवश्य पाहावे. बोलू न शकणाऱ्या माणसाची उपासमार किंवा आजार पुष्कळदा प्रथम वजनकाट्यावर दिसतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना गिळण्यास त्रास होतो. त्यांना आडवे ठेवून घाईने भरविल्यास अन्नकण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस वेळोवेळी न बदलल्यास शय्याव्रण होतात. फिट येणाऱ्यांची नोंदवही असावी. झोपेची वा शांत करणारी औषधे कोणास, कोणत्या कारणासाठी दिली जातात आणि त्यांचा फेरविचार डॉक्टर केव्हा करतात, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मनुष्यबळ कमी असले की गोळ्या वाढण्याचा धोका असतो. निवासी संस्थांतून आपल्याकडे रुग्ण दाखल होतात, तेव्हा सोबत आलेल्या माणसाला त्याची औषधे व सवयी ठाऊक आहेत की केवळ नाव, यावरून त्या संस्थेविषयी पुष्कळ काही कळते.

तिसरा मुद्दा काळजीवाहकांचा. दिवसा किती माणसे कामावर असतात, याहून रात्री किती असतात हे विचारावे. त्यांतील किती जण दोन वर्षांहून अधिक काळ टिकले, हेही विचारावे. न बोलणाऱ्या मुलीचे पोट दुखत आहे, हे तिच्या कपाळावरील आठीवरून ओळखण्यास वर्षानुवर्षांचा सहवास लागतो. दर चार महिन्यांनी माणसे बदलत असतील, तर हे ज्ञान दर चार महिन्यांनी फाटकाबाहेर निघून जाते.

चौथा मुद्दा तक्रारींचा व पैशांचा. कोरी तक्रारवही पाहून आनंदित होऊ नये. तक्रार करण्याची वाटच नसली तरी वही कोरीच राहते. नातेवाईकांना पूर्वसूचनेशिवाय येता येते काय? संस्थेत मृत्यू झाल्यास त्याची कारणमीमांसा बाहेरचे डॉक्टर करतात काय? संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे निवाशाच्या खात्यात जमा होत असतील, तर पासबुक कोणाकडे असते आणि पैसे कशावर खर्च होतात? राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी स्थानीय स्तर समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो. वृद्ध आईवडिलांनी ही तरतूद आपण हयात असतानाच समजून घ्यावी. त्या पालकाने पाल्याच्या मालमत्तेचा हिशेब दरवर्षी द्यावयाचा असतो. पाल्य म्हणजे ज्याच्यासाठी पालक नेमला ती व्यक्ती. मालमत्तेचा हिशेब कायद्याने मागितला आहे. दिवसाचा हिशेब आपण मागावयाचा आहे.

परिणाम कसे मोजावेत, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पेनहर्स्ट ही बौद्धिक दिव्यांगांची विशाल सरकारी संस्था होती. तेथील दुरवस्थेविरुद्धच्या दाव्यात १९७७ मध्ये न्यायालयाने निवाशांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८७ मध्ये संस्था बंद झाली. दरम्यान निवाशांना वस्तीतील लहान घरांत हलविण्यात आले. जेम्स कॉनरॉय व व्हॅलेरी ब्रॅडली यांच्या १९८५ च्या अहवालात त्याच त्या व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेला आहे. लहान घरांत गेलेल्यांची स्वावलंबनाची कौशल्ये वाढली. आरंभी स्थलांतरास विरोध करणाऱ्या कुटुंबांचे मतही पुढे बहुतांशी अनुकूल झाले. आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे, हे मान्य. पण मोजण्याची रीत घेण्याजोगी आहे. ‘संस्थेत साठ लाभार्थी आहेत’ हा आकडा त्या साठांपैकी एकाविषयीही काही सांगत नाही. गतवर्षी ज्याला घास भरवावा लागे, तो यंदा चमच्याने जेवतो काय, हे सांगणारी प्रत्येकाची एक पानी नोंद असली तर ती सुबक स्मरणिकेहून मोलाची ठरते.

आता देणगीदारांना एक स्पष्ट विनंती. वर सांगितलेल्या बाबींपैकी बहुतेक बाबी महसुली खर्चाच्या आहेत : रात्रपाळीचे वेतन, प्रशिक्षण, औषधे, बाहेर जाण्याचे रिक्षाभाडे. देणग्या मात्र प्रामुख्याने भांडवली खर्चासाठी येतात, कारण खोलीवर नामफलक लावता येतो. काळजीवाहकाच्या पगारपत्रकावर लावता येत नाही. परिणामी प्रशस्त इमारतीत अल्प वेतनावर अपुरी माणसे राबतात, आणि त्याचा भार निवाशांवर पडतो. म्हणून एखाद्या संस्थेस साहाय्य करताना आपल्या देणगीचा निश्चित हिस्सा काळजीवाहकांच्या वेतनासाठी राखून ठेवावा, आणि त्याच्या विनियोगाबरोबर निवाशांच्या नोंदीही पाहावयास मागाव्यात. ज्या संस्था निष्ठेने काम करीत आहेत, त्यांना अशा चौकशीचा राग येत नाही. त्यांच्या अडचणी कोणी तपशिलाने विचारत आहे, याचे समाधानच वाटते.

आपल्या न्यासाकडून निवासी संस्थांना मिळणाऱ्या साहाय्यासाठी हेच निकष लावावेत, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे सादर केला आहे. निवाशांची वार्षिक तपासणी आपल्या डॉक्टरांनी संस्थेत जाऊन करावी, अशी सूचनाही त्यात आहे. मंडळ त्यावर सहानुभूतीने विचार करील, असा मला विश्वास आहे. येथे उपस्थित असलेल्या पालकांनी आपल्या सूचना लेखी स्वरूपात कार्यालयाकडे द्याव्यात, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.