रत्नागिरी: आधी ओहोटी बघा, मग हॉटेल

तर मंडळी, शुक्रवारी रात्री मुंबईहून कोकणकन्या पकडा, पहाटे रत्नागिरीत. तिकीट आधीच काढा हां, ऐनवेळी मिळत नाही. मांडवीची काळी वाळू संध्याकाळी नुसतं बसायला. थिबा पॅलेस दुपारी उरका. खरी मजा गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर, आरे-वारेला! वरून समुद्र बघाल तर गाडी थांबवालच.

पण ऐका. इथे आणि गणपतीपुळ्याला माणसं बुडालीयत, चांगली पोहणारीसुद्धा. ओहोटीला पाणी आत ओढतं. आणि भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे शनिवारची वेळ रविवारी धरायची नाही. किनाऱ्यावरच्या टपरीवाल्या काकांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले की पाय भिजवायचे, बास. तिथे हुशारी नको.

एप्रिल-मेमध्ये जाताय? बॅगेत हापूसला जागा ठेवा.