बालवयातील दिव्यांग मुले आणि आपली ध्येये
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



काही दिवसांपूर्वी एका शाळेच्या दप्तरात मी वर्षाच्या ध्येयांचा तक्ता पाहिला. ‘अंगणवाडीतील विशेष गरजा असलेल्या बालकांची शंभर टक्के प्रगती साधणे’ असे त्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. त्याच आवारातील अंगणवाडीत गेलो, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. या मुलाने दिवाळीपर्यंत काय करावे असे आपणांस वाटते, असे मी विचारले. त्याला कोणापाशीच उत्तर नव्हते.

अंगणवाडी आपल्या खात्याची नव्हे, असे आपणांपैकी काही जण मनात म्हणत असतील. परंतु तोच मुलगा दोन वर्षांनी आपल्या पहिलीच्या वर्गात येणार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा या वयाला. त्याआधीची वर्षे बव्हंशी आपल्या आस्थेवर राहिली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकच टप्पा मानला आहे. शिवाय, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजनेचे जे पहिले ३३ प्रकल्प सुरू झाले, त्यांत आपल्या अमरावती जिल्ह्यातील धारणी होते. हे काम आपल्या भागाला नवखे नाही.

एक कबुली देतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. हाक मारली तरी ती पाहत नसे. मी तिला मंद समजून मागच्या रांगेत बसविले. पावसाळा सरल्यावर तिची आजी शाळेत आली आणि म्हणाली, “गुरुजी, पोरीले आयकू येत नाही वाटते.” प्रशिक्षित शिक्षक मी, आणि मला जे दिसावयास हवे होते ते त्या निरक्षर म्हातारीने सांगितले! तोवर मुलीची बोलणे शिकण्याची मोलाची वर्षे निघून गेली होती. पुढे ती शाळेत फार दिवस राहिली नाही.

म्हणून पहिले ध्येय टक्क्यांचे नसून शोधाचे असावे. आपल्या गावातील तीन ते सहा वयाचे एकही दिव्यांग मूल नोंदीविना राहू नये. पुष्कळ मुले घरीच, खाटेवर किंवा ओसरीत असतात. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडकडे मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. आपल्याला तर दोन आळ्याच चालावयाच्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी हे मूल तेथे हजर असेल एवढे पाहावे आणि पथकाने सुचविल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत त्याची आई पोहोचली की नाही, याची विचारपूस करावी.

येथे एक सावधगिरी. कापूस वेचणीच्या दिवसांत मेळघाटातून सपाटीवर आलेल्या कुटुंबाचे मूल अंगणवाडीत गप्प बसते. ते आईशी कोरकूत घडाघडा बोलत असेल, तर त्याच्या नावापुढे कसलाही शेरा मारू नये. ती भाषेची वेस आहे, व्यंग नव्हे.

आता ध्येय कसे ठरवावे? अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १९८६ साली त्याची व्याप्ती तीन ते पाच वर्षांच्या बालकांपर्यंत वाढली. तेथे अशा बालकांची प्रगती तीन बाजूंनी पाहतात : इतरांशी जुळवून घेणे, ज्ञान व कौशल्य मिळविणे आणि स्वतःच्या गरजा स्वतः भागविणे. मूल आले तेव्हा कोठे होते आणि जाताना कोठे आहे, यांची तुलना करतात. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा ही रीत मला अधिक न्यायाची वाटते.

त्या भिंतीकडे बसलेल्या मुलाचेच उदाहरण घ्या. सेविकाताईंनी पंधरा दिवस नुसते पाहावे आणि लिहावे : खिचडीच्या वेळी तो वळतो का, कोणाच्या आवाजाने वळतो, तहान लागली की काय करतो. समजा, तहान लागली की तो रडतो. तर ‘पोळ्यापर्यंत, पाणी हवे असता, पाचपैकी तीन वेळा पेल्याकडे बोट दाखवील’ हे ध्येय झाले. आणि तान्ह्या पोळ्याला आपल्या लाकडी बैलाची दोरी धरून तो दुसऱ्या एका मुलाबरोबर दोन घरे फिरला, तर ते दुसरे. ‘संवादकौशल्याचा विकास’ हे ध्येय नव्हे. ते घडले की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. ध्येय ठरविताना आईला बसवून घ्यावे. वेचणीच्या हंगामात ती पहाटेच शेतात जाते, म्हणून आजीलाही विचारावे. घरी जे करून घेता येणार नाही, ते कागदावर लिहू नये. दर दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे. ध्येय साधले नाही, तर ते लहान करावे, मूल सोडू नये.

आकड्यांविषयी स्पष्टच बोलतो. प्रवेशाच्या वेळी मूल आहे त्याहून दुबळे लिहिले की वर्षअखेर प्रगती आपोआप दिसते. जड मुलाचे नाव यादीतून गाळले की टक्केवारी फुगते. या दोन्ही युक्त्या आम्हा अधिकाऱ्यांच्या मोठ्या आकड्यांच्या हौसेतून जन्मल्या, हे मी नाकारीत नाही. म्हणून आज शब्द देतो : आठ मुलांपैकी तिघांचीच ध्येये साधली, असे कोणी लिहिले, तर त्याचा खुलासा मी मागणार नाही. गाळलेल्या नावाचा मात्र मागेन.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने एकाच मुलाची एक पानाची नोंद आणावी. पंधरा दिवस काय दिसले आणि त्यावरून कोणते एक ध्येय ठरविले, एवढेच त्यात असावे. विशेष शिक्षकही त्या दिवशी येथे असतील. ती पाने आपण एकत्र बसून वाचू.