वायरलेस ऑफिसला वायर किती लागते?

आज कोडिंग नाही, नोकरीच्या मुलाखती नाहीत. आज वायफाय. आणि तेही माझी चूक कबूल करत करत.

माझे मामा कर सल्लागार आहेत. जळगावात मुख्य ऑफिस, नऊ माणसं. धुळ्यात छोटी शाखा, तिथे चार. जळगावचं ऑफिस त्यांनी नव्या जागेत हलवलं, एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर. नवीन रंग, नवीन फर्निचर. मला फोन आला, "भाचेबुवा, भिंतीला एक भोक पाडायचं नाही. सगळं वायफायवर कर. तू इंजिनियर आहेस ना भो?"

मी सॉफ्टवेअर लिहितो. बीटेकला नेटवर्कचा पेपर होता, त्यातले सात लेअर पाठ करून मी पास झालो. आरजे-४५चा कनेक्टर स्वतःच्या हाताने कधी लावला नव्हता. पण मामांना 'जमणार नाही' कसं म्हणणार? मोठ्ठे अँटेना असलेला एक महागडा राउटर मागवला, तो मामांच्या केबिनमध्ये ठेवला. मागच्या खोलीत सिग्नल कमी पडत होता म्हणून मध्ये एक रिपीटर लावला. फोनवर सगळे दांडे फुल्ल. मी खुश, मामा खुश. मी पुण्याला परत.

मग आली २० एप्रिल. ज्यांच्या घरी जीएसटीचं काम चालतं त्यांना वीस तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. महिन्याचं जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. मागच्या खोलीत दोन ताई बसतात, टॅलीच्या एंट्री आणि रिटर्नचं काम त्यांच्याकडे. दिवसभर टॅली अडकत होतं, पोर्टल बाहेर फेकत होतं. मामांच्या केबिनमध्ये मात्र यूट्यूब लोण्यासारखं चालत होतं. त्यामुळे मामांचा निष्कर्ष एकच: "नेट चांगलं आहे, यांचाच हात चालत नाही." एक ताई त्या दिवशी रात्री नऊपर्यंत थांबली. घरी लहान मूल.

हे मला मामींकडून कळलं. पुढच्या शनिवारी मी जळगावला गेलो. खरं सांगतो, मीही आधी मनात म्हटलं होतं की कॉम्प्युटर जुने असतील, व्हायरस असेल. पण त्या ताईंनी माझ्यासमोर एक वही ठेवली. मागच्या पानावर आठवड्याभराच्या वेळा लिहिलेल्या. सकाळी दहाला ठीक. साडेअकराला अडकलं. पावणेबाराला अडकलं. दोन ते तीन एकदम छान. चारनंतर पुन्हा बोंब. रविवारी अर्धा दिवस काम केलं, एकदाही अडकलं नाही.

मंडळी, याला म्हणतात डेटा. कॉम्प्युटर जुने असते तर ते जेवणाच्या सुट्टीत तरुण होत नाहीत ना? जे दोन ते तीनमध्ये आणि रविवारी सुधारतं, ते शेजाऱ्यांमुळे बिघडतं.

फोनवर वायफाय ॲनालायझर टाकला. अँड्रॉइडवर अशी ॲप फुकट मिळतात. उघडलं तर २.४ गिगाहर्ट्झवर तेवीस नेटवर्क! वर डॉक्टर, खाली विमा एजंट, बाजूला कोचिंग क्लास, प्रत्येकाचा राउटर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनल आहेत खरे, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर ठेवलेत आणि वायफायला रुंदी लागते २० मेगाहर्ट्झची. म्हणून एकमेकांच्या अंगावर न चढणारे चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. माझा शहाणा राउटर ६ वर होता. माझा रिपीटरही ६ वर, कारण साधा रिपीटर राउटरच्याच चॅनलवर चालतो.

इथे मुद्दा असा की वायफाय म्हणजे पाण्याचा नळ, आणि चॅनल म्हणजे त्या नळावरची रांग. एका वेळी एकच जण भरणार, बाकीचे थांबणार. शेजारच्या क्लासचा राउटरही त्याच रांगेत, पासवर्ड वेगळा असला तरी. आणि रिपीटर काय करतो? तोच हंडा दोनदा भरतो. एकदा राउटरकडून घेतो, मग तेच ताईंच्या कॉम्प्युटरला पुन्हा पाठवतो. म्हणजे वेग निम्मा झाला आणि रांग दुप्पट. मी मदत म्हणून लावलेलं यंत्रच गर्दी करत होतं.

भरीस भर, रिपीटर कुठे लावला होता? पॅसेजमधल्या सॉकेटला, कूलरच्या मागे. खानदेशातला कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि पोटात पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी लहरी पितं. मी रिपीटर लावला तेव्हा फेब्रुवारी होता आणि कूलर माळ्यावर. एप्रिलमध्ये तो खाली आला. वायफायचं नियोजन करताना ऋतूही बघायचा असतो, हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

फोनवरचे दांडे बघून फसू नका, हे मात्र लक्षात ठेवा. ॲपमध्ये आकडा दिसतो, उणे साठ, उणे सत्तर असा, डीबीएममध्ये. उणे ६७ पर्यंत असेल तर कामाला चांगलं. उणे ८० म्हणजे नावापुरतं. आणि हे साधं गणित नाही. दहा आकडे खाली गेलं की ताकद एक दशांश होते. म्हणजे उणे ६० आणि उणे ८० मध्ये शंभर पटींचा फरक. ताईंच्या टेबलावर रिपीटरपासून येणारा आकडा होता उणे ७८. त्या वीस तारीख कशी पार पाडत होत्या, त्यांनाच माहीत.

मग दुसऱ्यांदा नीट नियोजन केलं. वहीवर ऑफिसचा नकाशा काढला. कोण कुठे बसतं, लोखंडी कपाटं कुठे, कूलर कुठे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही जागेवरून हलते का? टॅलीचा डेटा ज्या मशीनवर आहे ते हलत नाही. प्रिंटर हलत नाही. सीसीटीव्हीचा डीव्हीआर हलत नाही. ताईंचे दोन डेस्कटॉपही हलत नाहीत. मग त्यांनी हवेत का बोलायचं? त्यांना वायर. टॅलीला मोठा वेग लागत नाही, पण मध्येच तुटलेलं चालत नाही. डेटा दुसऱ्या मशीनवर आणि लिहिता लिहिता कनेक्शन गेलं तर फाईल खराब होण्याची भीती असते. हवेसाठी उरले लॅपटॉप, फोन आणि बाहेर बसलेले क्लायंट.

मामांना 'वायर' शब्द ऐकूनच घाम फुटला. "अरे मग वायरलेस कुठे राहिलं?" मी म्हटलं, मामा, मोबाईलही वायरलेसच आहे, पण टॉवरला वायर येतेच ना? भिंत फोडली नाही. छताच्या कडेने केसिंग पट्टीतून केबल नेली. पॅसेजमध्ये एक आणि मागच्या खोलीत एक असे दोन छोटे ॲक्सेस पॉइंट छतावर लावले, पीओई स्विचवर. म्हणजे त्याच केबलमधून वीजही जाते, वर वेगळा सॉकेट लागत नाही. केबल घेताना अख्ख्या तांब्याची घ्या. स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. पीओईला ती धड चालत नाही, वाकवली की तुटते.

दोन्ही ॲक्सेस पॉइंट ५ गिगाहर्ट्झवर, वेगवेगळे चॅनल, नाव मात्र एकच. माणूस चालत गेला की फोन आपोआप जवळचा धरतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. भारत सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. २.४ मध्ये सगळी मिळून ऐंशीच्या आसपास आहेत, त्यात सगळं कॉम्प्लेक्स. आणि एक, पॉवर पूर्ण ठेवू नका. राउटर ओरडू शकतो, पण तुमच्या फोनचा आवाज बारीकच असतो. त्याला ऐकू गेलं नाही तर काय उपयोग? दोघांचा आवाज जुळेल इतकीच पॉवर ठेवली.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क केलं. तोपर्यंत काय होतं, चहावाल्यापासून क्लायंटच्या मुलापर्यंत सगळ्यांकडे एकच पासवर्ड, आणि त्याच नेटवर्कवर लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट. राउटरचा ॲडमिन पासवर्डही मी मूळचाच ठेवला होता. होय, मीच. बीटेक.

आता धुळे. तिथे गोष्टच वेगळी. आग्रा रोडजवळच्या नंबरवाल्या गल्लीतलं जुनं घर, दोन फुटी भिंती, वर सागाचं लाकूड. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीत दमतं. मी आधी कपाळाला हात लावला. पण ॲप उघडलं तर शेजाऱ्यांची नेटवर्कं जेमतेम चार, तीही फिकट. ज्या भिंती माझा सिग्नल अडवतात त्याच शेजाऱ्यांचाही अडवतात. म्हणून तिथे मोठं यंत्र नकोच, खोलीत एक छोटं. झरोक्यातून केबल, झालं काम.

धुळ्यातली खरी अडचण ऊन. नेटचा डबा होता माडीवर, पत्र्याखाली. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ० ते ४० अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ होतं, पत्र्याखाली विचारू नका. दुपारी तो लटकायचा, संध्याकाळी चालू. तिथल्या दादाने त्याच्यावर छोटा पंखा लावून ठेवला होता, त्याच्या हुशारीला सलाम. डबा खाली आणला, पंखा दादाला परत.

लाईट गेल्यावर काय, हेही दोन्हीकडे तपासलं. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर होते, पण फायबरचा डबा नव्हता. मग लाईट गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. फायबरचा डबा, राउटर, स्विच, तिघंही इन्व्हर्टरवर हवेत. एक जरी सुटला तरी साखळी तुटली.

२० मेला मी मुद्दाम फोन केला नाही. संध्याकाळी साडेसहाला ताईंचाच मेसेज आला, सगळी रिटर्न गेली, निघाले. मामा 'हात चालत नाही' बद्दल काही बोलले नाहीत, बोलणारही नाहीत. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा मागच्या खोलीत नवीन कूलर होता. आणि तो कुठे ठेवायचा हे त्यांनी ताईंना विचारून ठरवलं होतं.

वही अजून चालू आहे. शेवटची नोंद प्रिंटरची आहे. कागद अडकला. त्याला तर वायर आहे.