वांद्र्यांतील घरें आणि शेजार
(ज्युबिलीच्या समारंभांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या प्रसंगीं देवळाचा इतिहास सांगावा अशी रूढि आहे, आणि तें काम माझ्यापेक्षां अधिक अधिकारी वक्त्यांनीं केलें आहे. माझ्याकडे चालकमंडळींनीं निराळा विषय सोंपविला. देऊळ ज्यांच्यासाठीं बांधलें तीं माणसें कोठें राहतात, त्यांच्या घरांचें काय होत आहे, आणि त्यांच्या शेजारीं कोण राहावयास येत आहे, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. विषय व्यवहाराचा आहे खरा. परंतु रविवारीं घंटा ऐकून पायीं येऊं शकणारीं कुटुंबें हाच पॅरिशचा प्राण होय, हें लक्षांत घेतलें म्हणजे तो आपल्या दारांतलाच आहे असें दिसून येईल.

प्रथम गांवाची थोडी ओळख. वांद्रें हें साष्टी बेटाचें दक्षिणेकडील टोंक. माहीमची खाडी ओलांडली कीं मुंबई. सेंट अँड्र्यूज देवळाचा आरंभ १५७५ सालापर्यंत मागें नेतात. परंतु गांव म्हणजे एकसंध वस्ती नव्हती. रानवार, पाली, चुईम, शेर्ली, राजण, चिंबई अशा लहान लहान पाखाड्या भातशेतांत व माडांच्या बनांत विखुरलेल्या होत्या. तेथील ख्रिस्ती लोक मराठी बोलत, शेतें करीत, मासे मारीत, ताडी काढीत. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणण्याची त्यांची चाल आजहि कोठें कोठें पाहावयास मिळते. गोव्याहून व मंगळुराहून नोकरीधंद्यासाठीं आलेल्या ख्रिस्ती बंधूंपासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून ह्या मूळ रहिवाशांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. तेव्हां एका ज्युबिलीनें आपल्यांतील पुष्कळांस नांव दिलें आहे, हें आजच्या दिवशीं सांगण्यास हरकत नाहीं.

ह्या गांवांत बाहेरून माणसें येणें ही कांहीं आजची गोष्ट नाहीं. १८४५ सालीं लेडी जमशेटजी जीजीभाई ह्या पारशी बाईंच्या देणगींतून माहीमचा बांध पुरा झाला आणि होडीची वाट पायवाट झाली. १८६७ पासून उपनगरी आगगाडी धांवूं लागली. १८९६ च्या प्लेगनें शहरांतील लोकांस मोकळ्या हवेकडे पिटाळलें. त्या साथीच्या वेळीं पाखाड्यांच्या तोंडाशीं उभारलेले क्रूस अजून जागच्या जागीं आहेत. पुढें १९१८ सालीं साष्टी कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी स्थापन झाली. बेताच्या पगाराच्या माणसांनीं एकत्र येऊन आपल्या पैशानें घरें बांधावयाचीं, ही कल्पना त्या काळीं आपल्या देशांत नवीच होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध व पंजाब येथून निर्वासित कुटुंबें आलीं. रुळांच्या पूर्वेस सरकारी नोकरांची वसाहत झाली, तिच्यांत महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतील लोक राहावयास आले. बाजाररस्त्याच्या आसपास मुसलमान, बोहरी व गुजराती व्यापारी, पाली हिलवर सिनेमाचीं माणसें, पूर्वेच्या दाट वस्त्यांतून देशाच्या नाना भागांतून आलेले कारागीर व मजूर, असा हा संसार वाढत गेला. जत्रेच्या आठवड्यांत माउंट मेरीच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या घेऊन जाणाऱ्यांची जात आणि धर्म कोणी विचारीत नाहीं. म्हणून ‘परका’ हा शब्द आपण जपून वापरावा. आज बसलेल्यांपैकीं पुष्कळांचे आजोबा ह्या गांवीं परकेच होते.

मग आज नवें तें काय आहे? पूर्वीं जे आले ते जुन्यांच्या शेजारीं राहिले. आतां जो येतो तो बहुधा जुन्याच्या जागीं राहतो. हा फरक कसा पडला तें क्रमानें पाहूं.

पहिलें कारण जमिनीचा भाव. १९७७ सालीं वांद्रें-कुर्ला संकुलाची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आली, आणि मिठी नदीच्या कांठच्या पाणथळ जमिनीवर पुढें बँका, शेअरबाजार व हिरेबाजार उभे राहिले. २००९ सालीं वरळीचा सागरी सेतु खुला झाला. २०२४ सालीं भुयारी मेट्रो आरेपासून संकुलापर्यंत आली. ज्या गांवीं शहराला कंटाळून माणसें राहावयास जात, त्याच गांवाच्या दाराशीं शहराचें हृदय येऊन बसलें. चॅपल रोड व रानवार येथील जुन्या घरांच्या तळमजल्यांत आतां कॉफीगृहें व कपड्यांचीं दुकानें दिसतात, आणि त्या घरांच्या भिंतींचीं छायाचित्रें घेण्यास दुरून लोक येतात.

दुसरें कारण बांधकामाचे नियम. उपनगरांत साधारणपणें प्लॉटच्या क्षेत्रफळाइतकेंच बांधकाम करण्याची मुभा होती. १९९१ च्या नियमावलीनें असें ठरविलें कीं, रस्ता, मैदान इत्यादि सार्वजनिक कामासाठीं ज्याची जमीन घेतली त्याला पैशांऐवजीं बांधकामाचा हक्क द्यावा, आणि तो हक्क त्यानें दुसरीकडे विकावा. परंतु हा हक्क जुन्या मुंबई शहरांत वापरण्यास बंदी होती. तो उत्तरेकडे उपनगरांतच न्यावयाचा. साहजिकच जेथें भाव अधिक तेथें तो ओढला गेला, आणि वांद्रें व खार येथील बैठ्या बंगल्यांच्या जागीं दुप्पट बांधकाम होऊं लागलें. दोन मजल्यांच्या घराला जमिनीनें जणुं गिळून टाकलें. कारण घरापेक्षां घराखालची माती कितीतरी पटींनीं मोलाची झाली.

तिसरें कारण भाडें. १९४७ च्या कायद्यानें जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० रोजीं होतें तेथेंच धरून ठेवलें. युद्धाच्या टंचाईंत गरीब भाडेकरूस रस्त्यावर काढूं नये, हा हेतु निःसंशय चांगला होता. परंतु तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा पन्नास वर्षे चालला. आपल्या भागांत घरमालक म्हणजे कोणी धनाढ्य सावकार असे थोडे. पुष्कळदां तळमजला भाड्यानें देऊन वरच्या खोलींत राहणारी एखादी विधवाच घरमालकीण असे. त्या भाड्यांत कौलें चाळून घेण्याचीहि सोय होईना. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें गोठविलेलें भाडें अवाजवी ठरविलें, आणि ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू होऊन दरसाल चार टक्के वाढ मिळूं लागली. परंतु अगदीं लहान आंकड्याचे चार टक्के तेहि लहानच. तेव्हां गळकें घर, असमाधानी मालक आणि धास्तावलेला भाडेकरू, ह्या तिघांनाहि बिल्डरच्या वाटेकडे डोळे लावून बसावें लागलें.

चवथें कारण आपल्या घरांतलें आहे, आणि त्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करतां वारला, तर १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें विधवेस एकतृतीयांश व उरलेलें मुलांस सारखें मिळतें. मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. कायदा न्यायाचा आहे, त्याला नांवें ठेवण्यास जागा नाहीं. पण घर कांहीं भाकरीसारखें मोडून वाटतां येत नाहीं. पांच भावंडें आहेत असें धरा. एक येथें राहतो, एक बहीण बोरिवलीच्या आय. सी. कॉलनींत, एक भाऊ वसईस, आणि दोघे कॅनडा-ऑस्ट्रेलियांत. येथें राहणाऱ्यानें घर राखावयाचें म्हटलें, तर चौघांचे हिस्से आजच्या भावानें विकत घ्यावयास हवेत, आणि जन्मभराच्या पगारांत तें होणें नाहीं. त्यांत मालमत्तापत्रकावर अजून आजोबांचेंच नांव. भावंडें बोलेनाशीं होतात, वर्षे जातात, वासे कुजतात, आणि शेवटीं जो पहिला भाव येईल त्याला सर्वांच्या सह्या होतात. आपल्या गांवांतील घरें वाईट माणसांनीं लुबाडलीं असें म्हणण्याची चाल आहे. कांहीं ठिकाणीं तसें झालेंहि असेल. परंतु बहुतेक घरें प्रेमळ भावंडांच्या उशिरा केलेल्या बोलण्यामुळेंच गेलीं.

ह्यांत कोणाचें काय जातें? विकणाऱ्याच्या हातीं पैसा येतो. त्यांतून मुलांचें शिक्षण होतें, म्हाताऱ्यांचें औषधपाणी होतें. त्याला दोष देणें अन्याय होईल. पण भाव हा विकणाऱ्याला एकदांच मिळतो, आणि शेजार सर्वांचा रोज जातो. मे महिन्यांत पाखाडीच्या क्रुसापाशीं जपमाळ म्हणावयास किती जण जमतात, गायनमंडळांत तरुण आवाज किती उरले, मयतास खांदा देण्यास हाकेसरशीं कोण येतें, ह्या गोष्टी कोणत्याहि खरेदीखतांत लिहिलेल्या नसतात. आणि नुकसान आपल्याच लोकांचें होतें असेंहि नव्हे. चिंबईचा कोळी, बेकरींतला उत्तर हिंदुस्थानी कामगार, बाजाररस्त्यावरचा मुसलमान शिंपी, सरकारी वसाहतींतला निवृत्त कारकून, भाड्याच्या खाटेवर राहून नोकरी करणारी परगांवची मुलगी, ह्या सर्वांना स्वस्त खोली हवी असते. ती खोली नाहींशी झाली म्हणजे गांव श्रीमंत होतें, पण बहुरंगी राहत नाहीं.

आतां उपाय. भाव थांबविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु कायद्यानें ज्या गोष्टी कुटुंबाच्या व सोसायटीच्या हातीं ठेवल्या आहेत त्या तरी आपण कराव्या.

पहिली गोष्ट ही कीं, आईबाप जिवंत व शहाणपणांत असतांना मृत्युपत्र करावें, आणि तें करण्यापूर्वीं मुलांना एकत्र बसवून बोलावें. मालमत्तापत्रकावरील नांवें वेळच्या वेळीं दुरुस्त करून घ्यावीं.

दुसरी, हिस्सा विकावयाचाच असेल तर आधीं भावंडांस विचारावें. १८९३ च्या वाटप कायद्याच्या चवथ्या कलमाप्रमाणें, एकत्र राहत्या घराचा हिस्सा तिऱ्हाइतानें विकत घेऊन वाटपासाठीं दावा लावला, तर घरांतील हिस्सेदारास तो न्यायालय ठरवील त्या किंमतीस परत घेण्याचा हक्क आहे. हें कलम फार थोड्यांस ठाऊक असतें. हप्त्याहप्त्यानें पैसे घेण्यास बहीण-भाऊ तयार होतात. तिऱ्हाईत होत नाहीं.

तिसरी, सोसायटीच्या पुनर्विकासाविषयीं. २००९ च्या सरकारी निर्देशांत तीनचतुर्थांश सभासदांची संमति लागे. २०१९ पासून एक्कावन टक्के पुरते. म्हणजे सही करण्यापूर्वीं विचार करण्याची जबाबदारी वाढली. नवी जागा किती फुटांची, हें सर्वजण विचारतात. दरमहा खर्च किती येईल, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. लिफ्ट, पंप, पहारेकरी, वाहनतळ ह्यांचा खर्च पेन्शनीच्या बाहेर गेला, कीं नव्या इमारतींत परत आलेला जुना सभासदहि दोनचार वर्षांत जागा विकून निघून जातो. करारनामा नोंदविलेला आहे कीं नाहीं आणि प्रकल्पाची रेरा नोंदणी झाली आहे कीं नाहीं, हें वकिलाकडून पाहून घ्यावें. रेराचें प्राधिकरण आपल्या राज्यांत २०१७ पासून आहे. त्याचा उपयोग करावा.

चवथी गोष्ट थोडी नाजूक आहे. आपल्या सोसायट्यांत आपलेच लोक घ्यावे असें कांहीं जण म्हणतात. २००५ सालीं एका पारशी सोसायटीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्बंध पोटनियमांत घालण्यास मुभा दिली आहे. परंतु जें कायद्यास मान्य तें सर्वच शहाणपणाचें असतें असें नाहीं. ह्याच शहरांत आपला मुलगा घर शोधावयास जातो, आणि तो मासमच्छी खातो अथवा त्याचें नांव ख्रिस्ती आहे म्हणून त्यास दार बंद होतें; तेव्हां आपणांस काय वाटतें? दार लावून गांव राखतां येत नाहीं. आपल्या माणसाला राहतां येईल अशी व्यवस्था करणें हाच गांव राखण्याचा उपाय.

ती व्यवस्था कशी होईल, ह्याचा धडा १९१८ च्या मंडळींनीं घालून दिला आहे. त्यांच्यापाशीं आपल्यापेक्षां पैसा कमी होता. विश्वास अधिक होता. आज पॅरिशनें निदान एक वही ठेवावी. ज्यांच्या घरीं रिकामी खोली आहे, मुलें परदेशीं गेल्यामुळें ज्यांचें घर कुलपांत आहे, त्यांनीं तींत नोंद करावी. आणि नवें लग्न झालेल्या जोडप्यांस, परिचारिकांस, शिक्षकांस ती खोली रीतसर करारानें, झेपेल अशा भाड्यानें द्यावी. भाड्याचा करार लेखी व नोंदविलेला असला म्हणजे मालकास जुनी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. अशा दहा खोल्या जरी मिळाल्या तरी दहा कुटुंबें घंटेच्या हाकेंत राहतील.

ज्युबिलीच्या दिवशीं आपण पूर्वजांचे आभार मानतों. त्यांनीं देऊळ बांधलें, शाळा काढल्या, आणि जे जे आले त्यांना शेजार दिला. पुढील ज्युबिलीस ह्या मांडवांत कोण बसलेलें असेल, हें बिल्डर ठरविणार नाहीं आणि सरकारहि ठरविणार नाहीं. तें आपल्या जेवणाच्या टेबलांभोंवतीं ठरेल. म्हणून आज घरीं गेल्यावर भावाबहिणींस पत्र लिहा, फोन करा, आणि घराविषयीं गोडीनें बोलावयास आरंभ करा, एवढीच माझी विनंति आहे.