कवितेला लाभलेला कंठ : ज्युलिएत ग्रेको



कपाटातली कविता सुरक्षित असते. पण ती कानांवर पडतेच असे नाही. महायुद्धोत्तर फ्रान्समध्ये पुस्तकातली कविता सामान्य माणसाच्या ओठांवर नेली ती ज्युलिएत ग्रेको या गायिकेने.

तिचा जन्म ७ फेब्रुवारी १९२७ रोजी मोंपेलिये येथे झाला. बालपण बोर्दोला, आजोळी गेले. आई जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकार-चळवळीत होती. १९४३ साली मायलेकी पकडल्या गेल्या. आई आणि थोरली बहीण यांची रवानगी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली. ज्युलिएत फ्रेनच्या तुरुंगातून, वय कोवळे म्हणून सुटली. सुटली म्हणजे काय? सोळा वर्षांची मुलगी, अंगावर एक सुती झगा, आणि समोर हक्काचे घर नसलेले पॅरिस! तिच्या जुन्या शिक्षिका एलेन द्यूक यांनी आसरा दिला. कपडे मित्रांनी दिलेले, पुरुषी आणि ढगळ. पुढे तरुणाईने जो वेष डोक्यावर घेतला, त्याचे मूळ असे दैन्यात होते. १९४५ मध्ये आई आणि बहीण जिवंत परतल्या.

गायिका होण्याचा विचार तिच्या मनातही नव्हता. तो तत्त्वज्ञ सार्त्र यांनी घातला. प्रचलित गाणी आपल्याला रुचत नाहीत, असे तिने सांगताच त्यांनी तिच्यापुढे काव्यसंग्रहांचा ढीग ठेवला. तिने त्यातून रेमाँ केनो आणि ज्यूल लाफोर्ग यांच्या कविता निवडल्या. सार्त्र यांनी स्वतःचे एक गीतही दिले. संगीतकार जोसेफ कोस्मा. १९४९ साली ती रंगमंचावर उभी राहिली. केनोंच्या कवितेचे मूळ शीर्षक मागे पडले. गाण्याच्या आरंभीच्या शब्दांनीच ती ओळखली जाऊ लागली. तिच्या गळ्यात अजून न लिहिलेल्या लाखो कविता आहेत, असे सार्त्र म्हणत.

तिच्या आवाजाचा पल्ला फार मोठा नव्हता, हे मान्य करावे लागेल. तिचे खरे सामर्थ्य शब्दोच्चारात होते. काळा पोशाख, आणि प्रकाशात केवळ मुद्रा व हात. जाक ब्रेल अप्रसिद्ध असताना, १९५४ मध्ये, तिने त्यांचे गीत ऑलिंपिया नाट्यगृहात गायिले. ब्रेल यांचे पियानोवादक जेरार जुआने पुढे तिचे साथीदार आणि १९८८ पासून पती झाले.

चित्रपटांतही ती दिसली : कोक्तो यांच्या १९५० च्या ‘ऑर्फे’त, नंतर काही हॉलिवूडपटांत. पण तिथे तिचे मन रमले नाही. १९६५ च्या ‘बेल्फेगोर’ या दूरदर्शन-मालिकेने मात्र तिला घरोघरी पोहोचविले.

१९८१ मध्ये, पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत, ती चिलीला गेली. तिथे बंदी असलेली गाणीच तिने गायिली. टाळी वाजली नाही. त्या शांततेतच ती रंगमंचावरून उतरली; आणि हाच आपला मोठा विजय, असे ती पुढे सांगे.

२०१५ साली तिने निरोपाचा दौरा आरंभिला; पुढच्या वर्षी पक्षाघाताने तो थांबला. २३ सप्टेंबर २०२० रोजी रामात्युएल येथे, वयाच्या ९३ व्या वर्षी तिचे निधन झाले.