गोणी, पाणी आणि वीज



मुलांना ऊर्जा कशी शिकवावी, हा विषय अध्यापकांचा. हमाल-कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या, शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक शिकलेल्या माझ्यासारख्याने त्यावर बोलावे याचे नवल वाटेल. पण ज्यांची भाकरी अंगमेहनतीवर चालते, त्यांच्याइतका ऊर्जेशी जवळचा संबंध दुसऱ्या कोणाचा?

आपली मुले स्थितिज, गतिज, औष्णिक, रासायनिक अशी नावे पाढ्यासारखी म्हणतात. मात्र दिव्यातली वीज कोठून आली असे विचारा, की बोट बटणाकडे जाते. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना नावे दिली, हिशेब दिला नाही.

तो हिशेब असा देता येईल. पन्नास किलोची गोणी हमाल दहा मीटर उंच, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावर नेतो. गोणीपुरते पाहिले तर हे काम सुमारे ४,९०० ज्यूल भरते. आता बोरघाटाकडे पाहा. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरते. त्याची स्थितिज ऊर्जा गतिज होते, चाक फिरवते आणि जनित्रातून वीज होऊन बाहेर पडते. १९१५ साली हे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. एक लिटर पाणी एवढे उतरले की तेही सुमारे ४,९०० ज्यूलच! विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी एका युनिटासाठी सुमारे ७३५ लिटर पाणी उतरले पाहिजे, किंवा हमालाने ७३५ गोण्या चढवल्या पाहिजेत.

मग एखादे चौकस मूल विचारील, ‘ऊर्जा नष्ट होत नाही, तर दिवा मालवायचा कशाला?’ त्याला तळहात एकमेकांवर घासायला सांगावे. मेहनतीची ऊब होते आणि हवेत विरते. ती नष्ट होत नाही, पण गोळा करून पुन्हा कामाला जुंपताही येत नाही. पडत्या वजनांनी पाणी घुसळून किती कामाची किती उष्णता होते, हे इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल याने १८४० च्या दशकात मोजले. म्हणून एककाला त्याचे नाव.

आता साखळी मागे न्यावी. पाणी घाटावर चढवले सूर्याने; हमालाच्या भाकरीतली ज्वारीही पिकवली सूर्यानेच. पण मधल्या दुव्यांत माणसे असतात. मुळशीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

बुडालेले शेत ज्यूलमध्ये मोजता येत नाही, म्हणून ते धड्यातून वगळू नका. रूपांतर शिकवायचे तर पुरते शिकवा: काय बदलले, किती विरले आणि कोणी सोसले.