फुकटचं शिक्षण आणि बाईचा वेळ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची जाहिरात आता वस्त्यांमधल्या मुलींपर्यंतही पोचली आहे. म्हणून ते आपण बाईच्या बाजूने तपासून बघायला हवेत.

मुक्त शिक्षण आपल्याला नवं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. शिक्षण अर्धवट सुटलेल्या कितीतरी बायका घर सांभाळून तिथून पदवीधर झाल्या. पुढे इंटरनेट आलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपली पाठ्यसामग्री सर्वांना खुली करण्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या एका मोफत वर्गात सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं घातली. आपल्याकडे आयआयटींचा एनपीटेल २००३ पासून आहे, आणि केंद्र सरकारचं 'स्वयम्' २०१७ पासून.

यात बाईला मोठी सोय आहे, हे मान्यच. प्रवेशाला वय, लग्न, गाव आड येत नाही. पण अशा मोठ्या वर्गांत नाव घालणाऱ्या शंभरांपैकी साधारणपणे दहाही जण शेवटपर्यंत पोचत नाहीत. सुरुवातीच्या पाहण्यांत तर शिकणाऱ्यांत आधीच पदवी असलेल्यांचाच भरणा दिसला.

मग मागे कोण राहतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात ३३ होत्या, पुरुष ५७. खेड्यांतल्या बायका जेमतेम २५. वस्तीत काम करताना मी बघते, फोन 'घरचा' म्हणतात, पण तो असतो भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. मुलीच्या हातात तो दिसला की पहिला प्रश्न, "कोणाशी बोलतेस?"

दुसरी गोष्ट वेळेची. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. 'केव्हाही शिका' याचा अर्थ बाईसाठी भांडी घासून झाल्यावर, सगळे झोपल्यावर, असा होतो.

तिसरी गोष्ट पैशाची. 'स्वयम्'वर शिकणं फुकट, पण प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरावी लागते. परदेशी कंपन्याही बहुधा प्रमाणपत्राचे पैसे घेतात. नोकरी मागायला गेलेल्या मुलीला नेमका तोच कागद विचारतात. शिवाय बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीत. काहींची मराठी भाषांतरं झाली आहेत, पण ती मुलींना कोण दाखवणार?

तेव्हा हे अभ्यासक्रम नाकारू नका, त्यांना माणसांची जोड द्या. आमच्या वस्तीत पाच-सहा जणी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शिकतात. अडलं तर एकमेकींना विचारतात, आणि "वर्गाला जाते" म्हटलं की घरचेही सोडतात. एकटीने फोनवर शिकणाऱ्या मुलीला हे मिळत नाही.

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. गरीब घरच्या बायकांना परीक्षा फी माफ व्हावी. ग्रामपंचायत आणि वॉर्डाच्या पातळीवर इंटरनेट असलेली, बायकांना सुरक्षित वाटेल अशी अभ्यासाची खोली मिळावी. अभ्यासक्रम मराठीत यावेत. आणि घरकामाची वाटणी? ती मागणी मात्र सरकारकडे नाही, आपापल्या घरात करायची आहे. यावर गटागटांत चर्चा व्हावी, असं मला वाटतं.